जगदेवीची खाण

विरुपाक्षअण्णांना कुठलीही वस्तू दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "घेतली कितीला?" वस्तूची आजची किंमत काय, ती धड चालते की नाही, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. बाळीवेशीतल्या त्यांच्या घरात एक पंखा होता, एक्याण्णव साली चारशे दहा रुपयांना घेतलेला. तो आता वारा कमी घालायचा आणि बोंब जास्त मारायचा. पण दर उन्हाळ्यात अण्णा त्याच्याकडे कौतुकानं बघत आणि म्हणत, "चारशे धा रुपयांत चौतीस उन्हाळे. उन्हाळ्याला बारा रुपये पडले बघ."

"मलाबी मोजा की एकदा तसंच," त्यांची बायको बसव्वा म्हणायची.

"तुला मोजायचं तर मांडवाचा खर्च बघावा लागंल. त्यो तर तुज्या बापानं केलता. मला तू फुकटच पडलीस."

यावर बसव्वा जे पुटपुटायची ते कानडीत असायचं, आणि ते इथं न लिहिलेलंच बरं.

साखर पेठेतल्या सुताच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात अण्णांचा जन्म गेला. व्यसन म्हणाल तर एकच, शेअरचं. तेही थोडेथोडके घ्यायचे, आणि विकायचे म्हणून नाहीत. त्यातला लाडका म्हणजे होसगिरी मिनरल्स, बळ्ळारीकडची लोखंडाच्या दगडाची खाण. खाणीच्या शेअरचा भाव मोठा लहरी. लोखंड महाग झालं की आभाळात, स्वस्त झालं की पाताळात. म्हणून अण्णा भावाकडे बघतच नसत. ते दोनच आकडे बघत: आपण घातले किती, आणि कंपनी वर्षाला लाभांश देते किती. वीस रुपयांना घेतलेला शेअर वर्षाला बारा रुपये देतो, म्हणजे घातल्या पैशावर साठ टक्के. कुठली बँक देते साठ टक्के? हे ते ज्याला त्याला ऐकवत. असंच ते दरसाल धाकट्या बहिणीलाही ऐकवत आले, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

जगदेवी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. दिलेली गावातच, शेळगी भागात. नवरा गुरुशांत यंत्रमागाच्या कारखान्यात, पगार जेमतेम. जगदेवी घरी ज्वारीच्या कडक भाकरी करून दुकानांना घालायची. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी भाकरी. दोन हजार तीन साली भाकरीतून साठवलेले दहा हजार रुपये तिनं आणून अण्णांपुढे ठेवले. "तुज्या त्या खाणीत घाल," म्हणाली. तिचं तेव्हा ना पॅन कार्ड, ना डिमॅट. अण्णांनी आपल्याच नावावर वीस रुपयांनी पाचशे शेअर घेतले. लाभांश येईल तो तिला पंचमीला द्यायचा असं ठरलं.

पंचमी म्हणजे नागपंचमी. इकडच्या लेकी एक वेळ दिवाळीला येणार नाहीत, पण पंचमीला माहेरी येणारच. आदल्या दिवशी भावासाठी उपवास धरायचा, दुसऱ्या दिवशी लाह्या, तंबिटाचे लाडू आणि झोका. पहिल्या पंचमीला जगदेवीच्या पाकिटात दोन हजार निघाले. पुढं तीन, मग साडेचार, मग सहा. ती पाकीट घेऊन शेळगीला गेली की गल्लीत सांगायची, "माज्या खाणीचं आलं." बायका तिला खाणवाली म्हणायला लागल्या. चिडवण्यासाठी म्हणायच्या, पण तिला ते आवडायचं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जगदेवी भावाकडून फुकटचा रुपया घ्यायची नाही. एकदा अण्णांनी तिच्या पिशवीत गुपचूप पाचशेची नोट सरकवली. आठ दिवसांनी रिक्षातून शंभर कडक भाकरींचा गठ्ठा दारात आला, पाच रुपयाला एक या भावानं. घरात खाणारी तोंडं दोन. अण्णा आणि बसव्वा महिनाभर आमटीत भाकरी मोडत बसले. त्यानंतर अण्णांनी तसलं धाडस पुन्हा केलं नाही.

मग तिकडच्या खाणींवर बंदी आली. दोन हजार बारा साली होसगिरीनं लाभांशाचा एक पैसा दिला नाही. आणि नेमका त्याच वर्षी गुरुशांतचा कारखाना बंद पडला. पंचमीला जगदेवी आली तेव्हा तिच्या एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला होता. तिनं मागितलं काहीच नाही. झोक्यावर बसून फक्त विचारलं, "अण्णा, यंदा खाण कशी हाय?"

अण्णा आत गेले. कपाटातून सहा हजार रुपये काढून त्यांनी पाकिटात भरले आणि बाहेर आणून तिच्या हातात दिले. "झ्याक हाय," म्हणाले.

खोटं एवढंच. पण एकदा बोललेलं खोटं जनावरासारखं असतं, रोज वैरण घालावी लागते. पुढच्या पंचमीलाही खाण बंद, त्याच्या पुढच्याही. सलग पाच वर्षं अण्णांनी पदरचं दिलं. जगदेवी दरवेळी खाणीची खुशाली विचारायची, म्हणून अण्णांना खाणीत एक नवं यंत्र बसवावं लागलं. मग एक नवा मॅनेजर नेमावा लागला. महागाई वाढते म्हटल्यावर लाभांशही वाढवावा लागला. पुढं खाण सुरू झाली, पण खाणीचं देणं ते. एका वर्षी बावीस रुपये, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी दोन. जगदेवीला मात्र पगारासारखं ठरलेलं: सहा हजार, साडेसहा, सात, गेल्या वर्षी साडेसात. पेढीवरची नोकरी संपल्यावर अण्णांना हे जड जाऊ लागलं. तरी ते देत राहिले. बहिणीवर त्यांचा जीव होता, आणि तो दाखवायची दुसरी वाट तिनं ठेवलीच नव्हती. बसव्वाला सगळं दिसत होतं. तेरा वर्षांत तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि बसव्वाला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की हे काही सोपं काम नव्हे.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी, जगदेवी आली. गुरुशांतला जाऊन दीड वर्ष झालं होतं. उपवासानं तोंड सुकलेलं होतं, पण डोळ्यांत काहीतरी ठरवून आल्याची चमक होती. बसली, पाणी प्याली आणि पिशवीतून चेकबुक काढलं.

"अण्णा, बारा लाख हायत. ह्यांचा फंड, इमा, आन माजे भाकरीचे. समदे खाणीत घाल."

"समदे?" अण्णांनी हातातला कप बशीवर ठेवला.

"समदे. मंजू म्हणूलालाय, घर इकू आन पुण्याला चल. पोरगं वाईट न्हाय, सूनबी वाईट न्हाय. पण मला माजं घर सोडायचं न्हाय. माजं मला आलं तर कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. हिशेब केलाय मी. धा हजारावर साडेसात हजार, म्हंजे पंच्याहत्तर टक्के. तूच सांगतोस की दरसाल. बारा लाखावर नऊ लाख येतील."

मंजू म्हणजे मंजुनाथ, तिचा एकुलता एक मुलगा.

नऊ लाख ऐकून अण्णांना खरं तर हायसं वाटलं. ही चूक सोपी होती. ती काढायला तेरा वर्षांचं पोतं उघडायची गरज नव्हती.

"अगं, ते पंच्याहत्तर टक्के जुन्या भावावर. आपण घेतला ईस रुपयाला, आज त्यो अडीचशेला हाय. हे बघ, तुजा भाकरीचा तवा कितीला घेतलतीस?"

"साठ रुपयाला. मंजू रांगत होता तवा."

"त्या साठ रुपयावर तू रोज पाचशे कमावतीस. उद्या दुसरा तवा आणाय गेलीस तर दुकानदार साठला दील का? आठशे मागंल. घातल्या पैशावर टक्के काढायचे म्हंजे जुन्या पैशाचं कवतिक करायचं. नव्या पैशाला आजचाच भाव लागतो."

बोलता बोलता अण्णांचं त्यांनाच नवल वाटलं. ज्या आकड्याची उभा जन्म आरती ओवाळली, त्यालाच ते आज पहिल्यांदा खाली बसवत होते. बसव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एकदा मान वर करून पंख्याकडे बघून घेतलं.

जगदेवी बोटांची पेरं मोजत होती. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण रोज डझनाच्या भावानं माल घालणारी बाई हिशेबात मागं राहत नाही.

"पंधरा रुपये, अडीचशेवर. सा टक्के झाले. बारा लाखावर बहात्तर हजार. महिन्याला सा हजार."

"व्हय. आन पोस्टात आठ टक्के मिळतात. महिन्याला आठ हजार. तितं घाल."

"पोस्टाचं आज आठ हजार, आन धा वर्षांनीबी आठच हजार. सासूबाईचं बघितलंय मी. पोस्टाच्या व्याजात त्यांचं महिन्याचं वाणसामान यायचं. जायच्या वक्ताला तेलाचा डबाबी येईना. खाणीचं तसं न्हाय. चार रुपयाचे पंधरा झाले शेअरला. एका वर्षी कमी आलं न्हाय, तुज्याच हातानं घेतलंय मी. आज सा टक्के, पण धा वर्षांनी घातल्या पैशावर पंधरा-ईस व्हतील. व्हय का न्हाय?"

तिच्या हिशेबात चूक नव्हती. आकडे मात्र खोटे होते, आणि ते अण्णांनीच तिच्या हातात दिले होते. खाण म्हणजे दरवर्षी थोडं थोडं वाढत जाणारं उत्पन्न असं ज्या बाईला वाटतं, तिनं आणखी काय करावं? त्यांनी मनातल्या मनात पुढचं बघितलं. लोखंड पडेल, लाभांश बंद होईल, शेअर अडीचशेचा सत्तरवर येईल. सात हजारांचं खोटं म्हाताऱ्याला पोसता येतं. बहात्तर हजारांचं कुठून पोसणार? मग जगदेवी घर विकून पुण्याला जाईल, आणि तिला तिथं धाडणारा तिचा सख्खा भाऊ असेल.

"चेक कुणाच्या नावानं लिवू?" जगदेवीनं पेनाचं टोपण काढलं.

"जगू, थांब." अण्णांनी चेकबुकावर हात ठेवला. "खाण दरसाल देत न्हाय."

"म्हंजे?"

"बारा साली काय दिलं न्हाय. तेरालाबी न्हाय. सोळापातूर काईच न्हाय."

"मला तर दिलं की."

"ते मी दिलं."

जगदेवीनं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारायला सुरुवात केली, एकेक वर्ष पुढं ठेवत.

"तेरा साली मंजूच्या डिप्लोमाची फी भरली मी त्यातनं."

"व्हय."

"चौदाला घरावर पत्रे घातले."

"व्हय."

"पंधराला ह्यांच्या डोळ्याचं आपरेशन."

"व्हय, जगू."

"आन यंदा किती दिलंय?"

"चार रुपये. तुजे दोन हजार व्हतात."

"त्यो नवा मॅनेजर?"

"न्हवता."

"त्याच्या बायकोला बाळ झालं म्हणालतास. मी डिंकाचे लाडू करून दिलते की, तिकडं पाठवायला!"

"ते आमी खाल्ले," बसव्वा दारातून म्हणाली. "लई चांगले झालते."

दुसरा एखादा दिवस असता तर तिघंही हसत सुटले असते. जगदेवी हसली नाही.

"हे आपरेशनला तयार न्हवते, अण्णा. मेव्हण्याचा पैसा नको म्हणालते. मी त्यांच्यावर वरडले. म्हणाले, ही माजी खाण हाय, माज्या भाकरीच्या पैशाची, ह्यात माज्या भावाचा काय संबंध? तवा कुटं तयार झाले. बाकी जन्मात माज्यापाशी माजं म्हणायला काय होतं? तेवढी खाण होती. तीबी तुजीच निघाली."

"डोळ्यानं तर खरंच दिसाय लागलं की त्याला," अण्णा कसेबसे म्हणाले. "तू माज्याकडनं घेतलं नसतंस. मी काय करायचं होतं?"

"खरं सांगायचं होतं. मग मी ठरीवलं असतं, घ्यायचं का न्हाय ते. तू मला ठरवूबी दिलं न्हाईस."

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "साकु," जगदेवी म्हणाली. पुरे. राग आवरेना झाला की तिच्या तोंडी कानडी यायची. तिनं चेकबुक पिशवीत टाकलं आणि वहिनीचाही निरोप न घेता ती जिना उतरून गेली.

संध्याकाळी अण्णांनी ताट पुढं घेतलं आणि तसंच मागं सारलं. तिचे बारा लाख वाचले, हे त्यांना समजत होतं. पण उद्या ती येईल का, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. लग्न झाल्यापासून एक पंचमी तिनं चुकवली नव्हती. बाळंतपणाच्या वर्षीसुद्धा दहा दिवसांचं पोर पदराखाली घेऊन आली होती. बसव्वानं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. ती नुसती शेजारी बसून लाडूंसाठी गूळ किसत राहिली.

सकाळी अण्णांनी दाराच्या तुळईला झोका बांधला. मग पाकीट घेऊन बसले. आधी त्यात दोन हजार घातले. दोन हजारांचं पाकीट फारच पातळ दिसलं, म्हणून आणखी हजार घातले. ते काढले. पुन्हा घातले. शेवटी सगळं बाहेर काढून त्यांनी पाचशेच्या चार नोटा आत ठेवल्या आणि पाकीट चिकटवून टाकलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्या पाकिटात जितकं असायला हवं तितकंच होतं.

नऊ वाजले, दहा वाजले. अण्णा तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. चौथ्यांदा निघाले तर जिन्यातच जगदेवी भेटली. नवं लुगडं नेसलेली, डोळे सुजलेले. ती वर आली, झोक्यावर बसली आणि तिनं पाकीट उघडलं.

"खाणीचं?"

"खाणीचं."

"समदं खरं?"

"समदं खरं." मग अण्णांना राहवेना, काल अर्धंच सांगून झालं होतं. "आन आजूक एक. एका वर्षी बावीस रुपये आलते. तुला चौदानंच दिलं. उरलेलं पुढल्या वर्षाच्या पाकिटात घातलं."

जगदेवीनं पेरं मोजली. "म्हंजे माजे चार हजार दाबून ठेवलतास व्हय?"

आत बसव्वाला हसू फुटलं, ते तिनं पदरात धरलं.

"ऐक," जगदेवी म्हणाली. "बारा लाख पोस्टात घालते. आठ हजारांत माजं भागंल, आन तवा हाय की अजून. सोमवारी तू माज्यासंगं चल. शेअर इकू नको, ऱ्हाऊ दे. चार रुपये दिलं तर चार सांग, काय दिलं न्हाय तर काय न्हाय म्हून सांग. माजी खाण हाय. बुडाली तरी मला कळाय पायजे."

"बरं."

"आन मॅनेजर नेमायचं बंद कर."

"बरं."

तिनं पाकीट कमरेला खोचलं. मग उजवा हात उघडून अण्णांच्या पुढं धरला. अण्णांना काही उमगेना. ते त्या हाताकडे बघत राहिले. तव्याच्या चटक्यांनी बोटांची टोकं काळी पडलेला, रुंद, मोकळा हात.

"काय?"

"खाणीचं घेतलं," जगदेवी म्हणाली. "आता भावाचं दे."

अण्णांनी घाईघाईनं सदऱ्याच्या खिशात हात घातला. शंभराची एक नोट निघाली आणि दहाच्या चार. "थांब, आतनं आणतो," ते म्हणाले.

"आतनं नको. हाय तेवढं दे."

त्यांनी त्या पाच नोटा तिच्या तळहातावर ठेवल्या. हजारांची पाकिटं देताना तेरा वर्षं त्यांची छाती चोरासारखी धडधडायची. आज एकशे चाळीस रुपये त्यांनी उघडउघड दिले होते. ते तिथंच, झोक्यापाशी, खाली बसले आणि त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

"रडूलालास काय येड्यासारखं, एकशे चाळीस रुपयाला?" जगदेवी म्हणाली, पण शेवटच्या शब्दाला तिचाही आवाज फुटला, आणि नोटा तशाच मुठीत धरून ती भावाशेजारी जमिनीवर येऊन बसली.